नील यंग आर्काइव्ह्ज : फायलींचे कपाट आणि १९२ किलोहर्ट्झचा काटा

जुन्या मैफलींच्या कॅसेट जपणारी माणसे ज्यांनी जवळून पाहिली आहेत, त्यांना त्यांची एक खोड नक्की ठाऊक असेल. कॅसेटच्या आतल्या पुठ्ठ्यावर राग, गाव, तारीख, तबल्याला कोण आणि पेटीला कोण हे बारीक अक्षरात लिहिलेले नसेल, तर गाणे कितीही रंगलेले असले तरी ती कॅसेट त्यांच्या लेखी अर्धीच असते. माझे थोरले मामा या पंथातले होते. मला पुढे वेड लागले ते पाश्चात्त्य गाण्याचे. खोड मात्र मामांचीच राहिली, आणि म्हणून कॅनडात जन्मलेले गायक-गीतकार नील यंग यांनी स्वतःच्या साऱ्या ध्वनिमुद्रणांसाठी उभारलेल्या ‘नील यंग आर्काइव्ह्ज’ या संकेतस्थळाची वर्गणी मी तीन वर्षांपूर्वी भरली. या सेवेची कीर्ती आहे ती ध्वनीच्या दर्जासाठी. मी टिकून राहिलो त्याचे कारण वेगळे आहे, पण दर्जाचा विषय आधी निकालात काढलेला बरा.

डिजिटल ध्वनीशी यंग यांचे भांडण जुने आहे. १९४५ साली टोरांटोत जन्मलेला आणि १९६६ पासून लॉस एंजेलिसमध्ये टेपवर गाणी मुद्रित करत आलेला हा कलावंत सीडीच्या आवाजावर कधीच खूश नव्हता, आणि एमपीथ्री आल्यावर तर त्यांचा संताप अधिकच वाढला. २०१४ च्या मार्चमध्ये त्यांनी ‘पोनो’ नावाच्या उच्च दर्जाच्या प्लेअरसाठी लोकांकडून आगाऊ पैसे मागितले आणि सुमारे ६२ लाख डॉलर जमले. ३९९ डॉलरचा तो पिवळा, तिकोनी, खिशात धड न मावणारा प्लेअर बाजारात आला खरा, पण त्याला गाणी पुरवणारे दुकान २०१६ मध्ये बंद पडले आणि पुढच्या वर्षी सारा खटाटोपच आटोपला. त्याच जिद्दीतून १ डिसेंबर २०१७ रोजी आर्काइव्ह्ज सुरू झाले. गाणी जालावरून थेट वाजवण्याचे तंत्र सिंगापूरच्या ओरास्ट्रीम या कंपनीबरोबर उभे केले गेले, आणि सुरुवातीचा मोफत काळ संपल्यावर वर्गणी महिन्याला १.९९ किंवा वर्षाला १९.९९ डॉलर ठेवण्यात आली. नंतर ती वाढली आणि तिच्या पायऱ्याही झाल्या.

संकेतस्थळ उघडले की समोर सरकारी कचेरीत असते तसे फायलींचे लोखंडी कपाट येते. खण ओढायचा, फाईल काढायची आणि फाईलमधले गाण्याचे कार्ड पाहायचे: गाणे कोणी लिहिले, कोणत्या तारखेला आणि कोणत्या जागी मुद्रित झाले, सोबत कोण वाजवत होते, निर्माता कोण. काही कार्डांना हस्तलिखिते आणि वर्तमानपत्रांची कात्रणेही जोडलेली आहेत. खालच्या बाजूला जुन्या टेपरेकॉर्डरवर असावा तसा काटा आणि एक खटका आहे. खटक्याच्या एका बाजूला ३२० केबीपीएस (सेकंदाला ३२० किलोबिट), दुसऱ्या बाजूला ‘मास्टर’, म्हणजे मूळ मुद्रणाची पूर्ण दर्जाची प्रत. काटा सेकंदाला किती माहिती येते आहे ते दाखवतो. घाईत असलेल्या माणसासाठी ही जागा बांधलेली नाही, हे पहिल्या पाच मिनिटांत कळते.

आता त्या काट्याचे गणित पाहू. सीडीवर आवाजाचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेले असतात आणि प्रत्येक नमुना १६ बिटचा असतो. दोन वाहिन्या धरून ही माहिती सेकंदाला १,४११ किलोबिट होते. आर्काइव्ह्जवरच्या उत्तम मास्टरमध्ये हेच १,९२,००० नमुने आणि २४ बिट असतात, म्हणजे सेकंदाला ९,२१६ किलोबिट. हानिरहित, म्हणजे काहीही न गाळणाऱ्या पद्धतीने दाबून धरले तरी चाळीस मिनिटांच्या एका अल्बमला साधारण दीड जीबी लागतात. रोज दीड जीबीचा पॅक वापरणाऱ्याने सकाळी चहाबरोबर यंग यांचा ‘हार्वेस्ट’ हा अल्बम लावला तर दुपारनंतर घरच्यांचे संदेशही पोहोचायचे नाहीत. सगळीच मुद्रणे मात्र १९२ किलोहर्ट्झची, म्हणजे सेकंदाला १,९२,००० नमुन्यांची नाहीत. १९८० च्या दशकात सुरुवातीच्या डिजिटल यंत्रांवर झालेले काही काम मुळातच कमी दर्जाचे आहे, आणि तेथे काटा प्रामाणिकपणे खालीच थांबतो. नसलेली माहिती फुगवून दाखवण्याचा मोह टाळला आहे, ही मला या सेवेतली सर्वांत सज्जनपणाची गोष्ट वाटते.

हा आवाज कानापर्यंत जशाचा तसा पोहोचवणे हे दुसरेच प्रकरण आहे. ब्लूटूथ हेडफोन येथे निरुपयोगी, कारण ब्लूटूथवरच्या नावाजलेल्या पद्धतींपैकी एलडॅकसुद्धा सेकंदाला ९९० किलोबिटच्या वर जात नाही; म्हणजे मास्टरचा खटका दाबूनही कानात शिरते ते सीडीहून कमीच. शिवाय बहुतेक फोन आतल्या आत सारे ध्वनी ४८ किलोहर्ट्झवर आणून ठेवतात. त्यासाठी बाहेरून डॅक, म्हणजे डिजिटल माहितीचा आवाज करणारे छोटे यंत्र, जोडावा लागतो, आणि मी आधी रस्त्यावरच्या दुकानातून चारशे रुपयांचे ‘हाय-रेझ’ म्हणून घेतलेले डोंगल दोन आठवड्यांत एका कानाने बहिरे झाले. मग साडेआठ हजारांचा डॅक आणि तारेचे हेडफोन घेतले. पावसाळ्यात आमच्या गल्लीतले इंटरनेट झोपले की प्रवाह आपोआप खालच्या दर्जावर उतरतो, काटा डावीकडे कलतो, गाणे मात्र थांबत नाही.

एवढा खर्च करून फरक ऐकू येतो का? हा प्रश्न माझ्या मुलीने विचारला आणि तो तिनेच सोडवला. एका रविवारी मला भिंतीकडे तोंड करून बसवले, यंग यांच्या ‘ओल्ड मॅन’ या गाण्याचे पहिले मिनिट लावले आणि नाणे उडवून ती खटका इकडे किंवा तिकडे करत राहिली. वीस वेळा विचारले. माझी अकरा उत्तरे बरोबर आली. नाण्याला विचारले असते तरी इतकीच आली असती, असे ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. मी एकटाच असा नाही, एवढा दिलासा आहे. २००७ साली अमेरिकेत ध्वनितंत्रज्ञांच्या नियतकालिकात मेयर आणि मोरान यांचा प्रयोग छापून आला होता. त्यात उच्च दर्जाचा ध्वनी आणि तोच सीडीच्या दर्जावर आणलेला ध्वनी यांतला फरक ओळखण्याच्या ५५४ प्रयत्नांपैकी २७६ बरोबर आले, म्हणजे जवळजवळ अर्धे. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांत २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज पूर्ण पकडता येतो आणि माणसाचा कान तरुणपणीही वीसच्या पलीकडे जात नाही. माझा तर पन्नाशीनंतर बाराच्या आसपासच थकतो.

तरीही माझ्याकडे १९९० च्या सुमारास घेतलेली ‘हार्वेस्ट’ची सीडी आणि येथला ‘हार्वेस्ट’ यांत फरक आहे, आणि तो भिंतीकडे तोंड करूनही कळतो. आवाजाची पातळी दोन्हीकडे सारखी ठेवून ऐकले तरी जुन्या सीडीत गिटारच्या तारा काचेसारख्या किणकिणतात, तर येथे तारेच्या मागचे लाकूडही वाजते. याचे श्रेय बिटांचे नाही. यंग यांचे पहिले चार अल्बम (‘हार्वेस्ट’ त्यांतलाच) मूळ टेपवरून नव्याने मास्टर करून २००९ मध्ये पुन्हा प्रसिद्ध करण्यात आले, आणि कान सुखावतो तो त्या कामामुळे. कोणत्या टेपवरून, कोणाच्या देखरेखीखाली काम झाले हे १६ की २४ या वादापेक्षा कितीतरी मोठे आहे, पण जाहिरातीत आकडा घालणे सोपे असते. २०२१ पासून ॲपल म्युझिकसारख्या मोठ्या सेवाही नेहमीच्याच पैशांत हानिरहित ध्वनी देऊ लागल्या आहेत. तेव्हा केवळ आकड्यासाठी कोणी आर्काइव्ह्जकडे वळणार असेल, तर मी त्याला थांबवीन.

(यात एक गंमतही आहे. क्रेझी हॉर्स या वाद्यवृंदाबरोबर यंग ज्या १९५३ सालच्या ‘ओल्ड ब्लॅक’ या लेस पॉल गिटारवर वाजवतात, तिचा सारा डौल मुद्दाम फाडलेल्या, चुरचुरणाऱ्या आवाजात आहे. फाटका आवाज जराही न फाटता पोहोचावा म्हणून या गृहस्थाने आयुष्यभर भांडावे, हे मला फार आवडते.)

मी ज्यासाठी राहिलो ते म्हणजे तारखा. एकच महिना घेऊ: जानेवारी १९७१. पंचविशीतले यंग पाठीच्या दुखण्याने बेजार होते आणि एकटेच, गिटार आणि पियानो घेऊन दौरा करत होते. १९ जानेवारीला ते आपल्या जन्मगावी, टोरांटोच्या मॅसी हॉलमध्ये गायले. ‘आफ्टर द गोल्ड रश’ हा अल्बम येऊन काही महिनेच झाले होते, पण त्या रात्री त्यांनी बरीचशी नवी, कोणीही न ऐकलेली गाणी गायली. ‘जर्नी थ्रू द पास्ट’मध्ये कॅनडाला परतण्याची ओळ आली की सभागृह टाळ्यांनी उसळते, घरी आलेल्या मुलाला गावाने ओळखल्याच्या त्या टाळ्या आहेत. आणि मग पियानोवर ‘अ मॅन नीड्स अ मेड’ वाजवता वाजवता ते हळूच ‘हार्ट ऑफ गोल्ड’मध्ये शिरतात. पुढच्या वर्षी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेले हे गाणे येथे हार्मोनिकाशिवाय येते, आणि श्रोत्यांकडून ओळखीची एकही टाळी येत नाही. त्यांना ते माहीतच नाही. ती शांतता मी रात्री दिवा मालवून अनेकदा ऐकली आहे. निर्माते डेव्हिड ब्रिग्ज यांचा आग्रह होता की हीच मैफल लगेच अल्बम म्हणून काढावी. यंग यांचे मन मात्र ‘हार्वेस्ट’कडे ओढले गेले होते. टेप पडून राहिली आणि २००७ मध्ये बाहेर आली. तोवर ब्रिग्ज जाऊन अकरा वर्षे झाली होती, आणि त्यांचे म्हणणे बरोबर होते हे यंग यांनी त्यानंतर मान्य केले.

त्याच महिन्याची ३० तारीख. जागा लॉस एंजेलिसमधल्या विद्यापीठाचे रॉइस हॉल. ‘हार्वेस्ट’ ज्यांनी ऐकला आहे त्यांना आठवत असेल की बाकीची गाणी श्रोत्यांशिवाय मुद्रित झालेली असताना ‘द नीडल अँड द डॅमेज डन’ हे दोन मिनिटांचे गाणे तेवढे मैफलीतले आहे. अमली पदार्थांच्या सुईने संपत चाललेल्या मित्रांविषयीचे ते गाणे संपते, टाळ्या सुरू होतात आणि सुरू होताहोताच कात्रीने कापल्यासारख्या तुटून पुढचे गाणे लागते. मी पंचवीस वर्षे त्या तुटलेल्या टाळ्या ऐकत होतो. कार्ड उघडून तारीख पाहिली, कपाटात त्या तारखेची अख्खी मैफल सापडली, आणि एका संध्याकाळी पहिल्यांदा त्या टाळ्या पूर्ण ऐकल्या: वाढतात, थोडा वेळ टिकतात, मग विरतात. पुढे १९७३ च्या ‘टाइम फेड्स अवे’ या अल्बममधले ‘लव्ह इन माइंड’ही त्याच रात्रीचे निघाले. एकाच रात्रीचे दोन तुकडे दोन वेगळ्या अल्बमांत विखुरलेले मी वर्षानुवर्षे बाळगून होतो आणि मला पत्ताच नव्हता. मामा असते तर त्यांनी तडक पेन्सिल मागितली असती.

असे कार्ड आपल्या गायकांना अजून मिळालेले नाही, याची चुटपुट येथे वारंवार लागते. भारतीय शास्त्रीय संगीताची मुद्रणे आज कोणत्याही ॲपवर सहज वाजतात, पण मैफल कुठली, साल कोणते, तबल्याला कोण, हे बहुतेक वेळा दिसत नाही. मुखपृष्ठावर तेवढा गायकाचा फोटो आणि मागे सूर्यास्त असतो.

व्यवहाराचे दोन शब्द सांगतो. वर्गणी डॉलरमध्ये असते. परदेशी सेवांच्या दरवर्षीच्या आपोआप वळतीसाठी रिझर्व्ह बँकेचे नियम कडक झाल्यापासून माझी बँक ती मुकाट्याने नाकारते, आणि मला ती ओटीपी टाकून नव्याने भरावी लागते. कपाटात केवळ यंग आणि त्यांचे सवंगडी आहेत, हेही लक्षात ठेवावे. ज्याला त्यांची चारच गाणी आवडतात त्याने येथे पैसे घालू नयेत. जानेवारी २०२२ मध्ये लसीविषयीच्या अपप्रचाराचा निषेध म्हणून त्यांनी स्पॉटिफायवरून आपली गाणी काढून घेतली होती. बालपणी १९५१ साली स्वतः पोलिओ भोगलेल्या माणसाचा तो राग होता. २०२४ च्या मार्चमध्ये ती गाणी तेथे परतली, त्यामुळे नवख्या श्रोत्याला चाखून पाहण्याची सोय आहे. चव लागली, आणि हे गाणे नेमके कधीचे असा प्रश्न पडू लागला, तरच कपाटाकडे यावे, आणि आल्यावर अल्बमांच्या यादीऐवजी कालरेषेवरून चालावे.

मी तसाच चाललो आहे. १९६३ पासून सुरुवात केली होती, आता १९७३ च्या ऑगस्टमध्ये आहे: गिटारवादक डॅनी व्हिटन आदल्या नोव्हेंबरात गेला, त्यामागून सामानसुमान पाहणारा ब्रूस बेरीही गेला, आणि उरलेली मंडळी रात्रीच्या रात्री जागून ‘टुनाइट्स द नाइट’ मुद्रित करत आहेत. तो अल्बम बाजारात यायला जवळजवळ दोन वर्षे लागली. यंग यांचा गळा येथे जागोजागी चिरतो, सूर सुटतो, आणि तो कोणीही दुरुस्त केलेला नाही. खटका मास्टरवर आहे की ३२० वर, हे मी कालपासून पाहिलेले नाही.