ट्रंकेतला जुना रील: उघडायचा, की नवा घ्यायचा?

मला हा प्रश्न विचारायला जे येतात त्यांच्या हातात बहुतेक वेळा वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी असतं. मामा आखातात होते, आजोबा बोटीवर होते, वडिलांनी कुठल्याशा साहेबाकडून घेतला होता. कागद सोडला की मासे धरायच्या गळाचा जुना रील निघतो: मिचेल कंपनीचा, नाहीतर पेन कंपनीचा, आणि नशीब चांगलं असेल तर स्वीडनचा आबू कार्डिनल. हँडल फिरवावं तर निम्म्यात अडतं, नाकाला शिळ्या ग्रीसचा वास येतो, आणि स्पूलवर तीस वर्षांपूर्वीचा तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा धागा, पिवळा पडून वेटोळ्यांतच ताठ झालेला असतो. मग विचारणा होते, "दुरुस्त होईल का? की सरळ नवाच घेऊ?"

मी आधी रील कोणत्या कंपनीचा हे बघतच नाही. काय मोडलंय ते बघतो, आणि ते कोल्हापुरात बनतं का ते बघतो. स्प्रिंग, बुश, वॉशर, पिन, स्क्रू यांपैकी काही गेलं असेल तर इथल्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपांत अर्ध्या दिवसाचं काम. गिअर गेला असेल तर गोष्ट वेगळी. खाली जी तुलना केली आहे ती या एका फुटपट्टीनं.

तिघे जुने

मिचेल 300 सगळ्यांत जास्त सापडतो. फ्रान्समधल्या क्लूझचा. ते गाव आल्प्सच्या पायथ्याचं, घड्याळाचे सुटे भाग बनवणाऱ्यांचं, आणि रील उघडला की ते दिसतं. बाजूचं झाकण काढलं की आत एकात एक अडकलेली छोटी चाकं. त्यांतली काही फक्त स्पूल पुढेमागे सरकवण्यासाठी, म्हणजे तंगूस एकाच रेषेत न बसता आडवातिडवा बसावा म्हणून. कंपनीनं त्या रचनेला प्लॅनामॅटिक असं भारदस्त नाव दिलं होतं. बघायला सुंदर, पण उघडणाऱ्याला भाग जास्त. शिवाय हे मॉडेल कित्येक दशकं चाललं आणि मधे आतले भाग बदलत गेले. त्यामुळे "मिचेल 300 चा पार्ट" एवढं म्हणून भागत नाही, तुमचा रील कुठल्या काळातला हेही जुळावं लागतं. आणखी एक: 300 डाव्या हातानं फिरवायचा. उजव्या हाताचा 301. हँडल काढून दुसऱ्या बाजूला लावू म्हणाल तर तशी सोय नाही.

पेनचे 700 च्या मालिकेतले रील अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचे. सुरुवातीचे हिरवे, नंतरचे काळे-सोनेरी. आमच्याकडे हे बहुधा जहाजावरच्या लोकांमुळे आले, कारण रील खाऱ्या पाण्यासाठीच केलेला. मिचेल घड्याळ असेल तर पेन ऑइल इंजिन. भाग मोजके, जाड आणि वजनदार. आत वर्म गिअर, म्हणजे ब्राँझच्या चाकावर फिरणारं पोलादी मळसूत्र. या जोडीत दात एकमेकांवर घसरत जातात, म्हणून चाल लोण्यासारखी, पण ग्रीस सुकलं की तोच गुण उलटतो आणि ब्राँझ झिजायला लागतं. झाकण काढल्यावर जुन्या ग्रीसमध्ये सोनेरी भुकटी चमकते का ते आधी बघा. किंचित असेल तर चालतं. बोटावर घेऊन चोळल्यावर हळदी-कुंकवाच्या करंड्यात बोट बुडवल्यासारखं दिसलं, तर रीलला शोकेसमध्ये जागा द्या.

आबू कार्डिनल 3 आणि 4 हे क्रीम आणि हिरव्या रंगाचे देखणे रील. इथेही वर्म गिअर. फरक ड्रॅगचा. मासा ओढायला लागला की तंगूस तुटू नये म्हणून स्पूलला घसरू देणारी ती घुंडी मिचेल आणि पेनला पुढे स्पूलवर असते, कार्डिनलला मागे, रीलच्या पाठीत. मासा ओढत असताना घुंडी चाचपणं सोपं जातं. पण मागच्या ड्रॅगच्या चकत्या लहान असतात आणि अंगाच्या आतच बसतात, त्यामुळे कुणी तेलाची बाटली उपडी केली असेल तर त्या भिजून बसतात. कार्डिनल मिळाला तर मी तो दुरुस्तच करीन, पण नदीकाठी नेताना जीव खालीवर होईल, हेही खरं.

आणि नवा

शिमानो किंवा डायवाचा साधा नवा रील हलका असतो. हँडल डावीकडे-उजवीकडे कुठेही लावा. हँडल उलटं फिरवलं तर रेसभरही मागे जात नाही, जुन्यात मात्र खटका लागेपर्यंत थोडी ढिलाई असतेच. वेगाचाही फरक मोठा आहे. मिचेल आणि पेनला हँडलच्या एका फेऱ्यात रोटर, म्हणजे स्पूलभोवती फिरून तंगूस गुंडाळणारा भाग, साधारण साडेतीन ते चार वेळा फिरतो, आजच्या साध्या रीलमध्ये पाचच्या पुढे. मरळीसाठी रबरी बेडूक पाण्याच्या वनस्पतींवरून ओढायचा, मरळ झेपावली की ढिला तंगूस झटकन गुंडाळायचा, तिथे जुना रील तुम्हाला घामाघूम करतो. कणकेचा गोळा लावून कटला-रोहूची वाट बघत बसणाऱ्याला मात्र या वेगाचं काय करायचंय?

नव्याची कमजोरी एकच, आणि ती नेमकी उद्यमनगराच्या आवाक्याबाहेरची. स्वस्त रीलचा मुख्य गिअर बहुधा जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेला असतो. तो चारदोन हंगामांत दाणेदार चालायला लागला की रील बदलायचा. त्यात वाईट काही नाही, तो तसा बनवलेलाच आहे. फक्त "नवा म्हणजे टिकाऊ" हे समीकरण डोक्यातून काढून मग घ्या.

मोडतं काय, आणि बनतं काय

सगळ्यांत आधी मोडते ती बेलची स्प्रिंग. बेल म्हणजे तंगूस सोडताना आपण उघडतो ती तारेची कमान. ती फटकन मिटवणारी स्प्रिंग रोटरच्या कडेला लपलेली असते, आणि पेनचे रील एरवी कितीही दणकट असले तरी ही स्प्रिंग तुटण्यासाठी ते प्रसिद्ध आहेत. स्प्रिंग तुटली म्हणून रील भंगारात गेलेला मी पाहिलाय आणि मला वाईट वाटलंय, कारण हे कोल्हापुरातलं सगळ्यांत सोपं काम आहे.

तुटलेले दोन्ही तुकडे जपून ठेवा. स्प्रिंगवाल्याला पाच गोष्टी हव्यात: तारेची जाडी, आतला व्यास, किती वेढे, वेढे कोणत्या दिशेनं, आणि दोन टोकांमधला कोन. जाडी मायक्रोमीटरनंच मोजा, अंदाज नको. गुंडाळलेल्या स्प्रिंगचा ताठरपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो, म्हणजे तार फक्त एक दशांशानं जाड घेतली तरी स्प्रिंग जवळजवळ दीडपट ताठ होते. मग बेल असा आपटतो की त्याचीच तार वाकते. तार स्टेनलेसची स्प्रिंग वायर मागा. साधी पियानो वायर पहिल्याच पावसाळ्यात गंजते.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा कारागिरानं तुकडा तळहातावर घेऊन माझ्याकडे बघितलं. "काका, एकच नग व्हय?"

"एकच."

"एकाला बी सेटिंग तेवढंच आन् धाला बी तेवढंच. तीन करून देतो, पैसं एकाचं द्या."

दोन मिसळींच्या पैशांत तीन स्प्रिंगा घेऊन घरी आलो. पहिली अजून चालू आहे.

बुशचंही तसंच. रोटरचा किंवा हँडलचा दांडा ज्या कड्यात फिरतो ते कडं झिजलं की हँडल धरून हलवल्यावर डुगडुगतं. जुना बुश आणि दांडा दोन्ही घेऊन जा, लेथवाला गनमेटलमधून काढून देतो. त्याला फक्त सांगा की हा भाग हाताच्या जोरानं फिरणारा आहे, मोटरच्या नाही. नाहीतर तो सवयीनं पंपाच्या हिशेबानं घट्ट बसवतो.

ड्रॅगच्या चकत्या वाळल्या की मासा झटक्याझटक्यानं तंगूस खेचतो आणि तुटून जातो. टेफ्लॉनच्या शीटमधून नव्या कापता येतात, कापायच्या कंपासचं पातं धारदार हवं. जाडी जुन्याइतकीच ठेवा. लोखंडी वॉशर गंजलेला असेल तर काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून सपाट घासा.

तंगूस जिथून वळतो त्या रोलरवर नख फिरवा. खाच लागली तर तो बदलायचा, घासून चालणार नाही. नायलॉनसारखा मऊ धागा धातूला खाच पाडतो हे खोटं वाटेल, पण वाळू चिकटलेला ओला तंगूस म्हणजे करवतच. जुन्या रीलवर आजचा वेणीचा धागा लावणार असाल तर ही तपासणी दुप्पट काळजीनं करा. आणि स्पूलवर आधी थोडा साधा तंगूस गुंडाळा, नाहीतर वेणीचा धागा अख्खाच्या अख्खा स्पूलवर गोल घसरतो.

आता जे बनत नाही ते. रॉडला अडकवायचा पाय तुटला तर लोक आर्गॉन वेल्डिंगला नेतात. फौंड्रीच्या गावात राहून एवढं माहीत असायला हवं, की दाबानं ओतलेल्या अॅल्युमिनियमच्या पोटात हवा अडकलेली असते. वेल्डिंगची उष्णता लागली की ती फुगून बाहेर येते आणि जोड सच्छिद्र होतो. कधी टिकतो, पण मोठा मासा लागल्यावर नेमका टिकत नाही. गिअरचं तर नावच काढू नका. एक नग गिअर कापायला कुणी तयार झालं तरी त्या पैशांत दोन नवे रील येतील, आणि वर्मची जोडी तर एकमेकींवर बसलेली असते, एक बदलली की दुसरी कुरकुरते. गिअर गेला असेल तर त्याच मॉडेलचा दुसरा मोडका रील शोधा आणि दोघांचा एक करा.

स्वतः की कारागिराकडे

सफाई स्वतः करा. त्यात कौशल्य कमी आणि धीर जास्त लागतो. प्रत्येक भाग काढायच्या आधी मोबाइलवर फोटो, भाग काढल्या क्रमानं जुन्या टॉवेलवर ठेवायचे. फरशीवर नाही. पातळ वॉशर फरशीवर पडला की चाकासारखा पळतो, माझा एक अजून कपाटाखालीच आहे. स्क्रू ड्रायव्हरचं पातं खाचेत गच्च बसेल असं घासून घ्या, कारण घसरलेल्या स्क्रूचं डोकं एकदा गेलं की मग ड्रिलच. मेणासारखं झालेलं ग्रीस डिझेल आणि जुन्या टूथब्रशनं निघतं. रंग आणि प्लास्टिकला मात्र कोमट पाणी आणि साबणच, पेट्रोल नको.

तेलाबद्दल एकच विनंती: खोबरेल नको. एका सद्गृहस्थांनी देवघरातल्या भक्तीनं पूर्ण रील खोबरेलात भिजवला होता. उन्हाळ्यात मस्त चालला. खोबरेल साधारण 24 अंशांच्या खाली गोठतं, आणि कोल्हापुरात डिसेंबरची पहाट त्याहून कितीतरी गार. पंचगंगेच्या काठी रील दगड झाला. गिअरला चांगलं ग्रीस, रोलरला आणि हँडलच्या मुठीला शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब, बस. वर्म गिअरला मात्र ग्रीसचा कंजूसपणा करू नका.

रोटरचा नट निघत नसेल तिथे थांबा आणि कारागिराकडे जा. पण त्याला सांगून जा की काही रीलवर उलटे आटे असतात. माझा एक रील मी काही न सांगता सोडून आलो. माणूस कामात हुशार, पण त्याचा हात ट्रॅक्टरचा. त्यानं नेहमीच्या दिशेनं पाना ताणला आणि दांड्याचं टोक नटासकट हातात आलं. चूक त्याची निम्मी, माझी निम्मी. घड्याळ दुरुस्त करणारा मिळाला तर मिचेलसाठी तो जास्त बरा.

कुठे वापरणार

हा प्रश्न लोक शेवटी विचारतात, खरं तर तो निम्मा निर्णय करतो. नदीवर, बंधाऱ्यावर, तलावावर बसणार असाल तर सफाई केलेला मिचेल तुम्हाला आणि तुमच्या मुलाला पुरेल. (धरणांवर आणि तलावांवर मासेमारीचा हक्क बऱ्याच ठिकाणी मच्छीमार संस्थेकडे असतो, आधी विचारा. राधानगरी अभयारण्यात तर गळ काढायचाच नाही.) आंबा घाट उतरून रत्नागिरीला किंवा गगनबावड्यावरून मालवणकडे जाऊन खडकावर उभे राहणार असाल तर मिचेल घरी ठेवा. खारं पाणी जुन्या अॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी उठवतं आणि झाकणाचे स्क्रू जागीच जाम करतं. तिथे पेन, तोही परतल्यावर त्याच रात्री गोड्या पाण्यानं हलकेच धुऊन. नळाची जोराची धार मारू नका, ती मीठ आतच ढकलते. पेन नसेल तर नवा घ्या आणि तो दोन-तीन वर्षांत जाईल हे धरून चाला.

परवा शेजारचा पोरगा त्याच्या आजोबांचा मिचेल घेऊन आला. बेलची स्प्रिंग तुटलेली, बुश थोडा ढिला, गिअर उत्तम. त्याला मरळ धरायची आहे, म्हणून नवा रील घ्यायलाच लावला. मिचेल मात्र माझ्या टेबलावर आहे. डब्यातल्या दोन स्प्रिंगा पेनच्या, त्या याला बसत नाहीत. सोमवारी उद्यमनगर बंद असतं, मंगळवारी जाईन. या वेळी मीच तीन नग सांगणार आहे.