निळा खडा, १ नग

५९,९२७ रुपये. श्रीलंकेत नीलम घेताना एवढ्याला फसले, हा आकडा मी तीन महिने कुणालाच सांगितला नव्हता. आज सांगतेय, कारण ऑफिसातली एक मैत्रीण पुढच्या महिन्यात कोलंबोला निघाली आहे आणि तिच्या यादीत 'रत्नं बघणे' लिहिलंय.

त्यात मी सांगलीच्या एका पतसंस्थेत सोनेतारण बघते. समोरच्या बाईने मंगळसूत्र काढून टेबलावर ठेवलं तरी सराफाने कसोटीवर घासल्याशिवाय मी एक रुपया सोडत नाही. हसायचं तर हसून घ्या.

दिवाळी आटोपून एकटीच निघाले होते. कँडी, एल्ला, गॉल सगळं बिनघोर झालं. दहा दिवसांत कुणी रुपयाला फसवलं नाही, म्हणून शेवटच्या दोन दिवसांसाठी कोलंबोत उतरले तेव्हा मी जरा फुगलेच होते.

मंगळवारी दुपारी कोलंबोच्या समुद्रकाठी, गॉल फेसवर, इस्सो वडा खात उभी होते. डाळीच्या वड्यावर अख्खी कोळंबी थापलेली असते, तो. चाळिशीचा एक माणूस हसत आला. "अक्का, ओळखलं नाहीत? सकाळी नाश्त्याला मीच होतो." मी म्हणाले, "अच्छा, तुम्ही अमुक हॉटेलातले का?" झालं. हॉटेलचं नाव त्याच्या तोंडात मीच घातलं. अनोळखी माणूस ओळख सांगायला लागला की आपण गप्प बसायचं, रिकामी जागा त्याला भरू द्यायची. आणि ते 'अक्का'! सिंहलीत मोठ्या बहिणीला अक्का म्हणतात, आमच्या आजोळीही म्हणतात. मी तिथेच विरघळले.

पुढे त्याची ठरलेली थाप. गंगारामय मंदिरात हत्तींचा उत्सव, आज शेवटचा दिवस, भाऊ रिक्षा घेऊन तिकडेच चाललाय, दोनशे रुपये द्या बास. (कोलंबोत रिक्षा पिकमी अ‍ॅपवरूनच बोलवा, भाडं आधी दिसतं. माझ्या फोनमध्ये ते होतं. दोन दिवस वापरत होते.)

मंदिरात हत्ती होता, नाही असं नाही. पेंढा भरलेला. शिवाय जुनी घड्याळं, मोटारी, भिंगातून बघायची इवलीशी बुद्धमूर्ती, सगळं होतं. उत्सव तेवढा नव्हता. ना लीद, ना ऊस, ना एक फुगेवाला. तिथली मोठी मिरवणूक, नवम पेराहेरा, फेब्रुवारीच्या पौर्णिमेला निघते, हे मी घरून वाचून गेले होते. आणि पौर्णिमा होती दुसऱ्या दिवशी, आपली त्रिपुरी. हॉटेलच्या लिफ्टमध्ये कागदच लावला होता, 'उद्या पोया, बार बंद'. पोया म्हणजे तिथली पौर्णिमेची सुट्टी. एवढं सगळं डोक्यात असून मी रिक्षावाल्याला विचारलं काय, तर "मग हत्ती किती वाजता?" म्हणाला, सहाला. तोवर सरकारी रत्नकेंद्र बघू, आज निर्यातकर माफ आहे, आज शेवटचा दिवस. हत्तींचाही शेवटचा आणि कराचाही शेवटचा!

आता म्हणाल, एवढी शहाणी बाई गेलीच कशी. आईची मेष रास. मार्चपासून साडेसाती लागली आणि ज्योतिषाने नीलम सांगितला. माझा विश्वास नाही, पण आईचा आहे, आणि सांगलीतला भाव ऐकून ती गप्प बसली होती. लंकेत येऊन नीलम बघायचा नाही, तर कुठे बघायचा? हे मी रिक्षात बोलूनही गेले. शनी म्हणताच तो वळून म्हणाला, "सेनसुरु! ब्लू सफायर!" घरात काय हवंय, कुणासाठी हवंय, हे परक्या गावात कुणाला सांगू नका. दुकानात पोचायच्या आधीच त्यांना माझी कुंडली कळली होती.

दुकानात एसी, आल्याचा चहा, भिंग. लायटरची ज्योत खड्याखाली धरली, काही झालं नाही. खड्याने काचेवर ओरखडा काढून दाखवला. मी खूश. आता कळतंय की त्याला काही अर्थ नाही. भट्टीत केलेला नीलम रसायनाने अस्सलसारखाच असतो, अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड. तो काच कापणारच आणि लायटरला दाद देणारच नाही. ही भट्टीची रीत १९०२ पासून जगाला माहीत आहे, मला सोडून. ९०० डॉलरवरून ६१० ला सौदा झाला. शिवाय 'सर्टिफिकेट'चे २५ डॉलर रोख. विकणाऱ्यानेच दिलेला दाखला आमच्या संस्थेत मी फाईललाही लावून घेत नाही.

मग पावती आली. 'ब्लू स्टोन, १ पीस, ३.१ कॅरेट'. मी वाचली. सवयच आहे, प्रत्येक पावती वाचते. म्हटलं, सफायर लिहा ना. तो आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, सफायर लिहिलं तर तुमच्या एअरपोर्टवर ड्युटी लागेल." आणि मी गप्प बसले. गप्प काय, थँक्यू म्हणाले! आपल्या सोयीसाठी माणूस पावती बदलतोय असं वाटलं. ड्युटीचे चार पैसे वाचवायला निघाले आणि कार्डाचा पिन दाबला. रात्री जाग आली की अजून तो कागद दिसतो. निळा खडा, १ नग.

बाहेर रिक्षावाल्याने दोनशेचे ४,००० केले, लंकेचे रुपये. दिले.

रिसेप्शनच्या मुलाला त्या माणसाबद्दल विचारलं. तो खाली मान घालून म्हणाला, नाश्त्याला आमच्याकडे तिघीच आहेत, तिन्ही बायका. "गॉल फेसवर भेटला ना?" अरे, माहीत आहे तर लिफ्टमध्ये बारचा कागद लावता, त्याखाली हेही लिहा की!

पोलीस. पहिल्या चौकीत पाऊण तास बसवून सांगितलं, दुकान आमच्या हद्दीत नाही. दुसऱ्या चौकीत विचारलं, पिन तुम्हीच दाबला ना? पावती बघून साहेब म्हणाले, निळा खडा घेतला, निळा खडा मिळाला, तक्रार कसली? खोटा आहे याचा अहवाल आणा. अहवाल कुठे मिळतो? सरकारी कार्यालयात. कधी? उद्या पोया, सुट्टी. परवा या. माझं विमान उद्या रात्री! मी इंग्रजीत सांगितलं, त्यांनी सिंहलीत लिहिलं, मी न वाचता येणाऱ्या कागदावर सही केली. त्याची प्रत मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी दुकानाला शटर. म्हणजे परतीच्या आदल्या दिवशी, त्यातही पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, लंकेत महाग काही घेऊच नका. त्यांना आपलं तिकीट आपल्यापेक्षा नीट पाठ असतं.

इथे येऊन तरी काय? बँकेने फॉर्म भरून घेतला, दीड महिन्याने उत्तर दिलं, माल पावतीतील वर्णनानुसार असल्याने दावा नामंजूर. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवाले म्हणाले, हे सायबर नाही. आपले पोलीस म्हणाले, घटना आमच्या हद्दीत नाही. हद्द तेवढी दोन्ही देशांत तीच! आणि त्याच बँकेने परदेशी व्यवहाराचे साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी मात्र बिनचूक कापला. ८९ च्या भावाने ६१० डॉलरचे ते धरून ५६,५३२ झाले. सर्टिफिकेट २,२२५. रिक्षा १,१७०. हा हिशेब मात्र मी तपासलाय.

मुंबईच्या लॅबने सूक्ष्मदर्शकाखाली वाकड्या रेषा दाखवल्या. अस्सल खड्यात वाढीच्या रेषा सरळ असतात, भट्टीतल्या कमानीसारख्या वळतात. आमच्या संस्थेचे सराफकाका बघून म्हणाले, "रंग चांगला आहे हो ताई. दीडशे-दोनशे येतील."

आईला एवढंच माहीत आहे की नीलम लंकेत स्वस्तात मिळाला. दर शनिवारी विचारते, अंगठी कधी करायला टाकायची. मी सांगते, लग्नसराई आहे, सराफाकडे गर्दी आहे.