बाळाच्या लसीचं यू-विन, अंगणवाडीचं पोषण ट्रॅकर : सोलापुरात कितपत चालतं?

यू-विन, म्हणजे लसींच्या नोंदीचं सरकारी ॲप, चांगलं आहे, बिनधास्त वापरा. पोषण ट्रॅकरचं, म्हणजे मुलांची वाढ नोंदवणाऱ्या ॲपचं, तसं सरसकट सांगता येत नाही. अंगणवाडीत वजन-उंची जितकी नीट घेतली जाते, तितकंच ते खरं बोलतं. दोन्हींत एक खोट मात्र सारखी आहे, आणि सोलापुरात ती जरा जास्तच नडते. या यंत्रणा बाळाला ओळखतात त्या घरातल्या मोबाईल नंबरावरून आणि आधारवरून. नंबर बदलला, आधारवरचं नाव जुळलं नाही, की समोर धडधाकट मूल उभं असूनही पडद्यावर ते सापडत नाही.

आधी यू-विन. हे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचं. २०२३ मध्ये निवडक जिल्ह्यांत चाचणी झाली, ऑक्टोबर २०२४ पासून देशभर सुरू झालं. गरोदरपणाची नोंद, प्रसूती, बाळाचा जन्म, जन्मावेळचे बीसीजी, शून्य पोलिओ आणि हिपॅटायटिस बी, तिथून पुढे थेट सोळाव्या वर्षाच्या टीडीपर्यंत (धनुर्वात-घटसर्पाची लस) सगळं एका साखळीत. बाळंतपण सरकारी दवाखान्यात झालं तर बाळाची नोंद तिथूनच व्हायला हवी. म्हणून डिस्चार्जच्या कागदांबरोबर विचारून घ्या की यू-विनवर नोंद झाली का आणि कोणत्या नंबरावर. ‘झाली’ एवढ्या उत्तरावर उठू नका, नंबराचे शेवटचे चार आकडे विचारा.

नंबराचा हा आग्रह का, ते इथल्या घरांकडे पाहिलं की कळतं. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. सोलापूरच्या कित्येक सुनांचं माहेर विजयपूर, कलबुर्गीकडचं किंवा तेलंगणातलं. तिथल्या सिस्टर भावाचा किंवा वडिलांचा नंबर टाकतात, कारण त्या दिवशी खिशात फोन असतो त्यांच्याच. तीन महिन्यांनी बाळ सोलापुरात, विडी घरकुल किंवा नई जिंदगी वस्तीत येतं, इथे बापाच्या नंबरावर शोधल्यावर काहीच दिसत नाही, आणि मग नव्यानं नोंद होते. झालं, एका बाळाच्या दोन नोंदी. एकीत जन्माचे डोस, दुसरीत सहा आठवड्यांपासूनचे. पुढे प्रमाणपत्र काढायला गेलं की दोन्ही अर्धवट. वाईट याचंच वाटतं की राज्याची हद्द ओलांडून नोंद सोबत येणं हाच यू-विनचा सगळ्यात मोठा फायदा आहे. माहेरी पहिल्या दिवसापासून आईचा स्वतःचा, रिचार्ज चालू ठेवता येईल असा नंबर दिला तर हा घोळ होतच नाही. नोंद आधीच दुसऱ्या नंबरावर असेल तर सिस्टरना तो जुना नंबर सांगून आधीची नोंद शोधायला लावा, नवी काढू देऊ नका. ओटीपी त्याच नंबरावर जाणार, तेव्हा मामाला फोनजवळ बसवून मगच केंद्रावर जा.

नावाचंही तसंच. बारसं व्हायच्या आधी नोंद आईच्या नावानं होते, नाव ठेवल्यावर ती दुरुस्त करून घ्यायची राहते. तेलुगू-कन्नड आडनावं इंग्रजीत लिहिताना जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरं, कार्डावर तिसरं असं होतं. सगळीकडे जन्मदाखल्यावरचंच स्पेलिंग धरा. दाखल्याची नोंद २१ दिवसांत विनाशुल्क होते, आणि १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून आधारपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून तोच चालतो. तो आधी हातात घेतला की बाकीचे खेटे वाचतात.

ॲपवर तारीख आणि वेळ घेता येते. पण ती घेतली म्हणजे डोस मिळालाच असं धरून चालू नका. बीसीजी आणि गोवर-रुबेलाची कुपी एकदा फोडली की ४ तासांत संपवावी लागते, उरलेली टाकावी लागते. म्हणून काही ठिकाणी चार-पाच मुलं जमल्याशिवाय कुपी फोडायला का-कू करतात. नियम खरं तर एका मुलासाठीही फोडावी असाच आहे, हे नम्रपणे सांगायला हरकत नाही. पेंटा (पाच आजारांवरची एकत्र लस), पीसीव्ही (न्यूमोनियाची लस) आणि इंजेक्शनचा पोलिओ यांना ही अडचण नाही. त्यांची उघडलेली कुपी नीट थंड ठेवली तर २८ दिवस चालते. तेव्हा दीड महिन्याच्या डोसला ‘आज लस फोडलेली नाही’ असं कारण मिळालं तर ते पटण्यासारखं नाही. साठाच संपला असेल तर गोष्ट वेगळी.

उशीर झालेल्यांसाठी यू-विन बऱ्यापैकी शहाणं आहे, पण त्यामागचं गणित आपल्यालाही ठाऊक असलेलं बरं. डोस चुकला म्हणून मालिका पहिल्यापासून सुरू करायची नसते. राहिला तिथून पुढे जायचं, दोन डोसांत किमान ४ आठवडे ठेवायचे. बीसीजी एक वर्षापर्यंत देतात. पेंटा आणि रोटाचा (जुलाबावरची लस) पहिला डोस वर्षाच्या आत झाला पाहिजे. गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत चालतं. हिपॅटायटिस बीचा जन्माचा डोस मात्र २४ तासांतच, तो हुकला की हुकला. आणि पाच-सहा वर्षांचा डीपीटी बूस्टर सगळ्यात जास्त विसरला जातो, कारण तोवर कार्ड कुठल्या पेटीत गेलं हे घरात कुणालाच आठवत नाही. इथे मोबाईलवरचा संदेश खरोखर कामाला येतो. नंबर जिवंत असेल तर.

क्यूआर कोडचं प्रमाणपत्र डाउनलोड होतं, ही सोय झकास. तरी कागदी माता-बाल कार्ड टाकू नका. गर्दीच्या सत्रात सिस्टर आधी टोचतात, कार्डावर लिहितात, ॲपमधली नोंद मागाहून होते. घरी आल्यावर दोन्हींकडची तारीख ताडून बघा आणि फरक असेल तर पुढच्या वेळेची वाट न पाहता कळवा. पुढच्या डोसची तारीख ॲप त्याच्याकडे असलेल्या तारखेवरूनच काढतं. खासगी बालरोगतज्ज्ञाकडे घेतलेले डोस त्यांनी यू-विनवर चढवले नसतील तर ते फक्त त्यांच्या फाईलवर राहतात. टायफॉइड, कांजिण्या या लसी तर सरकारी वेळापत्रकातच नाहीत.

आता पोषण ट्रॅकर. हे महिला व बालविकास मंत्रालयाचं, मार्च २०२१ पासूनचं, आणि चालवतात अंगणवाडीताई. पालकांना त्यात फारसं काही करायचं नसतं. म्हणूनच त्यात काय लिहिलं जातंय याकडे कुणाचं लक्ष जात नाही. ताई दर महिन्याला वजन आणि उंची भरतात आणि ॲप मूल वयाच्या मानानं कमी वजनाचं, वयाच्या मानानं खुजं की उंचीच्या मानानं कृश ते ठरवतं. उंचीच्या मानानं वजन उणे ३ एसडीच्या (मधल्या आकड्यापासून किती दूर, ते सांगणारं माप) खाली गेलं की ‘सॅम’, म्हणजे तीव्र कुपोषित, उणे २ ते उणे ३ मध्ये ‘मॅम’, म्हणजे मध्यम कुपोषित.

सगळी मेख मोजण्यात आहे. दोन वर्षांखालचं मूल आडवं निजवून लांबीच्या फळीवर मोजायचं, त्यावरचं उभं. एकच मूल आडवं आणि उभं मोजलं तर सुमारे ०.७ सेंमीचा फरक पडतो. आडवं मोजताना दोन माणसं लागतात. एकानं डोकं वरच्या फळीला टेकवून धरायचं, दुसऱ्यानं गुडघे हलके दाबून तळव्यांना सरकती फळी लावायची. ताई एकट्या असतील, मूल रडत असेल, तर गुडघा वाकतो आणि लांबी कमी भरते. मग मूल खुजं दिसतं, पण लांबीच्या मानानं वजन बरं वाटतं, आणि खरोखर तीव्र कुपोषित मूल ‘सामान्य’ होऊन बसतं. उलट, मूल टाचा उचलून उभं राहिलं किंवा बूट तसेच ठेवले तर धडधाकट पोर कृश ठरतं. जन्मतारीख चुकली तर वयाच्या तुलनेचे दोन्ही निकाल बिघडतात, कृशपणाचा बिघडत नाही, कारण त्यात वय येतच नाही. एखाद्या महिन्यात ७४ चे ८४ झाले, ९.८ चे ८.९ झाले, तर तेवढ्या एका बोटानं अख्खा आलेख उडी मारतो. महिन्याभरात बाळ दहा सेंटिमीटर वाढत नाही. असं दिसलं की तिथल्या तिथे पुन्हा मोजायला सांगा.

म्हणून दंडाची पट्टी बघायला विसरू नका. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या डाव्या दंडाचा घेर खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर ११.५ सेंमीपेक्षा कमी भरला तर ॲप काहीही म्हणो, ते सॅमच. दोन्ही पावलांवर अंगठ्यानं तीन सेकंद दाबून खळगा राहत असेल तर सूज आहे. सूज वजन वाढवून दाखवते, तेव्हा अशा मुलाला थेट डॉक्टरांकडे आणि पोषण पुनर्वसन केंद्राकडे न्यायचं, पुढच्या महिन्याच्या वजनाची वाट पाहायची नाही.

निदान बरोबर झालं की ताटातही फरक पडायला हवा. साध्या मुलासाठी रोजचा पूरक आहार ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं, सॅम मुलासाठी ८०० किलोकॅलरी आणि २० ते २५ ग्रॅम. नोंद सॅम आहे आणि अंगणवाडीतून घरी मिळणारी आहाराची पाकिटं मात्र शेजारच्या मुलाइतकीच, असं असेल तर विचारणं हा आपला हक्क आहे.

पाकिटाच्या वाटपाला चेहरा पडताळणी लावली आहे. चोरी थांबावी म्हणून केलेली ही गोष्ट चोराला किती अडवते कोण जाणे, विड्या वळणाऱ्या आईला नक्की अडवते. तिचा माल कारखान्यात द्यायचा दिवस असतो, म्हणून सासू पाकीट आणायला जाते, आणि सासूचा चेहरा काही जुळत नाही. आधारवरचा फोटो लग्नाआधीचा, नंबर माहेरचा, मग ई-केवायसी, म्हणजे आधारवरून होणारी ओळख पडताळणीच, अडकते. आधी आधार केंद्रावर नंबर आणि फोटो अद्ययावत करून घ्या. तोवर दरवेळी ताईंशी वाद घालून उपयोग नाही, त्यांच्या हातात ते बटणच नाही.

या दोन यंत्रणांची मंत्रालयं वेगळी. अंगणवाडीत वजन घटलेलं दिसलं म्हणून लसीच्या सिस्टरना ते आपोआप कळेल असं गृहीत धरू नका, तो निरोप आईनंच न्यायचा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. त्यात दोन डॉक्टर, औषधनिर्माता आणि परिचारिका असतात. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, आणि येताना माता-बाल कार्डाबरोबर मागच्या तीन महिन्यांचं वजन कागदावर लिहून आणा. हृदयाचा दोष, दुभंगलेला ओठ, तिरळेपणा, उशिरा बोलणं हे याच तपासणीत पकडलं जातं. पुढच्या उपचाराची चिठ्ठी मिळाली तर तिच्यावर कुठे जायचं, कोणत्या वारी आणि कोणाला भेटायचं, हे पथक निघायच्या आत लिहून घ्या. नुसतं ‘सिव्हिलला जा’ एवढंच लिहिलेली चिठ्ठी घेऊन गेलात तर अर्धा दिवस केसपेपरच्या रांगेत जातो.