साठ सेकंद पळा, नव्वद सेकंद चाला: फाट्याच्या रस्त्यावर १४ आठवडे

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात एका गावात आशा सेविका आहे, वय ४१. ‘काउच टू फाइव्ह के’ (सोफ्यावरून उठून पाच किलोमीटरपर्यंत) हा नऊ आठवड्यांचा पळण्याचा कार्यक्रम मी दिवाळीचे पाहुणे गेल्यावर, नोव्हेंबरात सुरू केला आणि फेब्रुवारी सरता सरता, चौदाव्या आठवड्यात पूर्ण केला. शाळा सुटल्यापासून कधी पळाल्या नाहीत आणि ‘लोक बघतील’ म्हणून घराबाहेर पाऊल टाकत नाहीत, अशा बायांसाठी हे लिहिते आहे. कार्यक्रमाला माझ्याकडून पाचपैकी साडेचार. ज्या मोबाइल ॲपवर तो वापरला त्याला दोन, त्याचं नाव घेत नाही.

सगळं एका फॉर्मपासून सुरू झालं. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे बीपी-शुगरसारख्या आजारांचा धोका मोजणारा फॉर्म, आम्ही घरोघरी जाऊन भरतो: वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, घरात कोणाला बीपी-शुगर, आठवड्यात किमान १५० मिनिटं व्यायाम होतो का. गुण चारच्या वर गेले की त्या माणसाला आधी तपासणीला पाठवायचं. एका रात्री मी माझाच भरला. वयाचे दोन, कंबर ९२ सेंटिमीटर म्हणून दोन, आईला शुगर म्हणून दोन. व्यायामाचा रकाना न धरताच सहा झाले. दुसऱ्या दिवशी उपकेंद्रात सीएचओ (आरोग्य अधिकारी) मॅडमकडून बीपी, शुगर तपासून घेतलं. दोन्ही ठीक निघालं, पण रात्रभर मनात जे घोळलं ते काही गेलं नाही.

मुलगी नागपूरला शिकते. तिने फोनवर ॲप टाकून दिलं आणि समजावलं. १९९६ साली जॉश क्लार्क नावाच्या एका अमेरिकन तरुणाने हा कार्यक्रम तयार केला, तो आपल्या पन्नाशी ओलांडलेल्या आईला डोळ्यांसमोर ठेवून. पुढे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेनेही तो उचलला. आठवड्यात तीनच दिवस, मध्ये एक दिवस आराम. आधी पाच मिनिटं झपझप चालायचं, मग ६० सेकंद पळायचं, ९० सेकंद चालायचं, असं वीस मिनिटं. हे ऐकून मला धीर आला, कारण यात चालणं लिहूनच ठेवलं आहे. दम लागला म्हणून थांबलेली बाई वेगळी आणि नव्वद सेकंद चालायची पाळी आली म्हणून चालणारी बाई वेगळी. बघणाऱ्याला फरक कळत नसेल, मला कळत होता.

पळायचं कुठे, हा मोठा प्रश्न होता. ‘पहाटे अंधारात जा, कोणी बघत नाही’ असं मुलगी म्हणाली. टिपेश्वरचं वाघांचं जंगल आमच्या बाजूलाच, वावरांत रानडुकरं, अंधारात एकट्या बाईने निघायचं नाही. पांधणीने जावं तर ती गोदरीकडून, म्हणजे उघड्यावर शौचाला बसतात तिथून जाते, सकाळच्या वेळी ती वाट बाईसाठी नाहीच. शाळेच्या मैदानावर पोलीस भरतीची पोरं-पोरी. उरला फाट्यापर्यंतचा डांबरी रस्ता. साडेसहाला उजाडलं की निघायचं, आणि उजेड म्हणजे सगळं गाव.

पहिल्या दिवशी पंजाबी ड्रेस, ओढणी कंबरेला गाठ मारून, पायात मुलाचे शाळेचे बूट. गाव मागे पडेपर्यंत चालले. ॲपने पळायला सांगितलं तेव्हा रस्त्यावर कोणी नव्हतं. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा समोरून एक आजोबा बकऱ्या घेऊन येत होते. मी पळाले. त्यांनी बकऱ्या तिथेच सोडल्या आणि माझ्याकडे धावत आले.

“कोनाचं पोट दुखून राह्यलं वो ताई? गाडी बोलवू काय?”

गावात आशा पळताना दिसली म्हणजे कोणाची तरी वेळ भरली, नाहीतर साप चावला. माझी लाज वेगळीच होती, कपड्यांची, हलणाऱ्या अंगाची. पण लोक माझं अंग बघतच नव्हते, ते घाबरत होते. त्या पहिल्या आठवड्यात चौघांनी मला थांबवलं. सातच्या एसटीच्या ड्रायव्हरने गाडी थांबवून विचारलं, आत कॉलेजची सगळी पोरं. मी मान खाली घालून “नाही भाऊ, असंच” म्हणाले आणि घरी येऊन रडले. मग बुधवारच्या लसीकरणाला बाया जमल्या तेव्हा सरळ सांगून टाकलं: मी सकाळी पळते, माझ्या तब्येतीसाठी पळते, कोणाला काही झालेलं नाही. पोटात गोळा आला होता. एक जण म्हणाली, “मंग तसं सांगाव ना माय, आमी उगाच घाबरलो.” संध्याकाळपर्यंत गावभर झालं, आणि नंतर कोणी थांबवलं नाही. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. खेड्यात लपून पळता येत नाही, सांगून पळता येतं.

पहिल्या दोन आठवड्यांत मी वेगाने पळत होते, जणू साठ सेकंदांत कुठे पोचायचं आहे. छातीचा भाता व्हायचा. भरतीची तयारी करणाऱ्या एका पोरीने बघून सांगितलं, “ताई, तुमी पयल्याच मिन्टात सारा दम काढता. बोलता आलं पायजे असं पया.” तिला ८०० मीटर घड्याळाशी पळायचे असतात, मला नाही. तिच्या सांगण्यावरून मी इतकी हळू झाले की शेजारून चालणारा माणूस पुढे जाईल, आणि तिसऱ्या आठवड्यातली तीन-तीन मिनिटं निभावली. ॲपचा आवाज ‘हळू’ असं अधूनमधून म्हणतो, पण किती हळू ते सांगत नाही.

चौथ्या आठवड्यात नडग्या दुखायला लागल्या. छाती लवकर तयार होते, हाडं आणि स्नायुबंध मागे राहतात. मुलाचे बूट सोडून तालुक्याहून पळायचे बूट आणले, अर्धा नंबर मोठे, एक आठवडा फक्त चालले, मग तोच आठवडा पुन्हा केला. पळायची ब्रा मात्र तालुक्याच्या दुकानात मागायची हिंमत झाली नाही, मुलीने नागपूरहून आणली. बायांनो, बुटांआधी ती घ्या. माझी अर्धी लाज तिनेच घालवली.

कार्यक्रमाचा अर्धा गुण कापला तो पाचव्या आठवड्यासाठी. दुसऱ्या दिवशी आठ मिनिटं, मध्ये पाच मिनिटं चालणं, परत आठ मिनिटं. आणि तिसऱ्या दिवशी एकदम वीस मिनिटं, न थांबता! पुष्कळांना ते जमतं असं मुलगी म्हणाली. मला तीनदा जमलं नाही. त्यात थंडी, सर्वेक्षणाचं काम, तुरीची सोंगणी, म्हणून दिवस गेले. चौथ्या वेळी मी घड्याळ बघायचं सोडलं आणि विजेचे खांब मोजत गेले. वीस मिनिटं संपली तेव्हा मी फाट्यावर उभी होते. कापूस वेचणीच्या बायांचा ऑटो तिथे थांबला होता. त्यातली एक म्हणाली, “गावापासून पयतच आल्या?” मी हो म्हणाले. तेवढंच.

आता ॲप. आवाज इंग्रजी, तोही घाईचा. पळता पळता मध्येच जाहिरात मोठ्याने सुरू होते. फोनने बॅटरी वाचवायला ते बंद केलं की सूचना येतच नाही, मी दोनदा साठ सेकंदांऐवजी कितीतरी जास्त पळाले. सहाव्या आठवड्यापासून मी सगळं डायरीत मराठीत लिहून घेतलं आणि मनगटावरच्या साध्या घड्याळावर भागवलं. काही अडलं नाही.

नावाबद्दलही सांगते. शेवटच्या आठवड्यात सलग ३० मिनिटं पळायचं असतं. तेवढ्यात पाच किलोमीटर व्हायचे तर किलोमीटरला सहा मिनिटं पडतात. रस्त्यावरच्या किलोमीटरच्या दगडांवरून माझे साडेतीन होतात. सुरुवातीला वाईट वाटलं, आता नाही. कंबर ८८ आहे.

या महिन्यात आठच्या आतच ऊन चटका देतं. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा पळणार नाही, पहाटे उजाडताच चालेन. मृगाचा पाऊस पडला की चौथ्या आठवड्यापासून परत.

वेचणीच्या ऑटोतल्या दोघींनी माझ्या डायरीतलं पान मागितलं. मी उतरवून दिलं, पाचवा आठवडा बदलून: आठ-आठ मिनिटांनंतर एक दिवस दहा-दहा, मग एक दिवस पंधरा, आणि त्यानंतरच वीस.