आधी कॅमेरे की आधी मोहल्ला समिती?

खान्देशात अहिराणी, लेवा, पावरी, भिली, उर्दू अशा कितीतरी बोली रोज कानावर पडतात. इथे गुन्हे आणि दंगे रोखायचे तर पैसा आधी कशावर लावावा: सीसीटीव्ही कॅमेऱ्यांवर, की गल्लीतली माणसं आणि पोलीस एकत्र बसतात त्या मोहल्ला समितीवर आणि बीट अंमलदारावर, म्हणजे ठरावीक गावं-गल्ल्या सांभाळणाऱ्या पोलिसावर?

सीसीटीव्हीचा उपयोग मी नाकारत नाही. सोनसाखळी चोर, मोटारसायकल चोर त्याने सापडतात, कोर्टात पुरावा टिकतो. पण कॅमेरा घडलेलं दाखवतो. अफवा त्याला ऐकू येत नाही.

धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा आठवा. १ जुलै २०१८, आठवडे बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. अशा अफवा व्हॉट्सॲपवर आधीपासून फिरत होत्या. गावाची बोली जाणणारा, पोलीस पाटलाच्या रोजच्या संपर्कातला बीट अंमलदार असता, तर ती अफवा ठाण्यापर्यंत लवकर पोचण्याची आशा तरी होती.

मोहल्ला समितीचा दाखला भिवंडीचा. १९८८ पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तिथे हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांना पोलिसांसोबत नियमित बसवलं. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. धुळ्याने २००८ आणि २०१३ च्या दंगली सोसल्यात, म्हणून हा दाखला मला फार जवळचा वाटतो.

समितीतही खोट आहेच: सणापुरती बैठक, तेच ते पुढारी, चहा आणि फोटो. म्हणून तिच्यात बाया, तरुण पोरं, हातगाडीवाले हवेत. बैठक दर महिन्याला व्हावी, आणि अंमलदाराची बदली झाली तर नव्या माणसाची ओळख जुन्यानेच गल्लीत फिरून करून द्यावी. कॅमेरे त्यानंतर, चौकाचौकात.