नमांगा बॉर्डर (नैरोबी ते अरुशा), स्वतः गाडी चालवत जाणाऱ्यांसाठी रिव्ह्यू

नैरोबीहून टांझानियातल्या सेरेंगेटी अभयारण्यात जायचं म्हटलं की सगळे विमान नाहीतर शटल बस सांगतात, गाडी घेऊन बॉर्डर क्रॉस करू नका, खूप त्रास होतो, वगैरे. अजिबात ऐकू नका. आम्ही भाड्याची गाडी घेऊन गेलो, सोबत पुण्याहून आलेले आई-बाबा, आणि केनिया-टांझानिया सीमेवरच्या नमांगाचं क्रॉसिंग एकदम व्यवस्थित झालं. माझ्याकडून पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा कापला तो बाहेरच्या एजंट लोकांमुळे, त्याबद्दल खाली लिहिलंय.

इथे वन स्टॉप बॉर्डर पोस्ट आहे, २०१८ च्या डिसेंबरमध्ये केनियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष केन्याटा आणि टांझानियाचे मगुफुली दोघांनी मिळून उद्घाटन केलेलं. म्हणजे टांझानियात जाताना केनियाच्या बिल्डिंगपाशी थांबायचंच नाही, सरळ पलीकडे टांझानियाच्या बिल्डिंगमध्ये जायचं, तिथेच केनियाचा एक्झिट शिक्का आणि तिथेच टांझानियाचा एंट्री शिक्का, एकाच छताखाली. येताना याच्या उलट. आई-बाबांसारख्या वयाच्या लोकांना उन्हात दोन दोन रांगा लावाव्या लागत नाहीत हे मला सगळ्यात जास्त आवडलं. आत बसायला जागा आहे, फोटो आणि बोटांचे ठसे घेतात, ऑफिसर लोक शांतपणे बोलतात, आईला तर एकाने हसून "करिबू" (स्वाहिलीत "या, स्वागत आहे") म्हटलं आणि ती जाम खूश.

व्हिसा ऑनलाइनच काढून जा, भारतीय पासपोर्टला ५० डॉलर, प्रिंट जवळ ठेवा. आणि एक गोष्ट नीट लक्षात घ्या, केनिया-युगांडा-रवांडा असा जो १०० डॉलरचा एकत्र टुरिस्ट व्हिसा आहे त्यात टांझानिया येत नाही, बरेच जण त्याच भरवशावर निघतात.

यलो फीवरचं कार्ड बघतातच. भारतात ही लस फक्त सरकारमान्य सेंटरवर मिळते, प्रवासाच्या निदान १० दिवस आधी घ्यावी लागते, आणि साठीच्या पुढच्यांनी आधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे, बाबांच्या वेळी आम्ही तेच केलं. कार्ड आता आयुष्यभर चालतं आणि भारतात परत उतरतानाही दाखवायला लागतं, त्यामुळे बॅगेच्या तळाशी टाकू नका.

आता गाडी. खरी मेहनत इथेच आहे. लॉगबुकची (म्हणजे आपल्या आरसी बुकसारखं गाडीचं नोंदणीपत्र) कॉपी, गाडी देशाबाहेर न्यायची परवानगी देणारं मालकाचं पत्र, आणि इन्शुरन्ससाठी कोमेसा यलो कार्ड (शेजारच्या देशांतही चालणारा गाडीचा विमा, लसीच्या कार्डाशी याचा संबंध नाही), एवढं भाड्याने देणाऱ्यानेच द्यायला हवं, मग टांझानियाच्या कस्टम्स काउंटरवर गाडीचं तात्पुरतं परमिट निघतं, त्याची फी डॉलरमध्ये. आमच्या गाडीवाल्याने पत्रात नंबर प्लेटचा एक आकडा चुकवला होता, नशीब नैरोबीतच वाचून बघितलं आणि बदलून घेतलं, नाहीतर बॉर्डरवर गाडी अडकली असती आणि तिथून १६०-१७० किलोमीटर मागे कोण जाणार. गाडी हातात घेतानाच पत्रातला नंबर प्लेटशी ताडून बघा, प्लीज.

बाहेर गाडी थांबली रे थांबली की "फॉर्म भरून देतो, पैसे बदलून देतो" करत माणसं खिडकीशी येतात, मागेच लागतात, पासपोर्ट अजिबात हातात देऊ नका. आत सगळं स्वतःला जमतं, कुणाची गरज पडत नाही. पैसे पुढे टांझानियातल्या अरुशा शहरात एटीएममधून काढा. एका केनियन शिलिंगला साधारण १९-२० टांझानियन शिलिंग येतात, एवढा हिशोब डोक्यात असला की कुणी गंडवत नाही. मसाई बायका मण्यांच्या माळा, बांगड्या घेऊन येतात, त्यांच्याकडून मात्र आईने मनापासून घासाघीस करून घेतल्या, सुंदर काम आहे.

खाऊ नेणार असाल तर डब्यात न्या, प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर केनियात २०१७ पासून आणि टांझानियात २०१९ पासून बंदी आहे. आमचे लाडू आणि चिवडा स्टीलच्या डब्यांतून आरामात गेले.

निघायचं पहाटे, कारण नैरोबीबाहेरच्या अथी रिव्हर, किटेंगेला या गावांपर्यंत ट्रकची गर्दी असते, कजियाडोनंतर रस्ता मोकळा. दोन्हीकडे गाडी आपल्यासारखी डावीकडूनच, त्यामुळे चालवायला सोपं जातं. पलीकडे लाँगिडोपासून पुढे गावागावात ५० चं लिमिट आहे आणि पांढऱ्या कपड्यातले ट्रॅफिक पोलीस स्पीड गन घेऊन उभेच असतात, समोर मेरू पर्वत कितीही छान दिसत असला तरी पाटी दिसली की पाय ब्रेकवर.