एका नॉबमध्ये दोन गिटारी: पीव्ही टी-60

वडोदऱ्यातल्या वाद्यांच्या दुकानात पीव्ही हे नाव घेतले, की समोरचा माणूस अ‍ॅम्प्लिफायर किंवा मिक्सर दाखवायला उठतो. याच कंपनीने 1978 साली टी-60 नावाची, सर्वस्वी स्वतःच्या विचाराची इलेक्ट्रिक गिटार बाजारात आणली होती, हे आपल्याकडे व्यवसाय म्हणून गिटार वाजवणाऱ्यांपैकीही फार थोड्यांना ठाऊक आहे. माझ्याकडे ती आली ती न्यू जर्सीला राहणाऱ्या आतेभावामुळे. त्याने तिथे वापरलेला नग विकत घेतला आणि सुट्टीवर येताना तो सोबत आणला. त्यानंतरच्या तीन नवरात्रींत, दांडिया बाजारातल्या गणेशोत्सवाच्या कार्यक्रमांत आणि लग्नसराईच्या ऑर्केस्ट्रांत मी हीच गिटार वाजवली आहे. त्यामुळे पुढचे मत चार दिवसांच्या उत्साहातले नाही, एवढे आरंभीच नमूद करतो.

हार्टली पीव्ही यांची ही कंपनी 1965 साली अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात, मेरिडियन या गावी स्थापन झाली, आणि टी-60 तिथेच चिप टॉड यांच्या सहकार्याने घडली. बंदुकांचे लाकडी दस्ते यंत्रावर किती नेमके कोरले जातात हे पाहून पीव्ही यांनी तशाच पद्धतीची यंत्रे गिटारच्या कामाला लावली. मान मेपलच्या दोन तुकड्यांची आहे. त्यांच्या रेषा परस्परविरुद्ध दिशेने ठेवून ते चिकटवलेले असल्यामुळे एका तुकड्याचा वाकण्याचा कल दुसरा रोखून धरतो. वडोदऱ्याच्या पावसाळ्यात हवेचा दमटपणा वाढला, की माझ्या दुसऱ्या गिटारच्या तारा दर वर्षी बोटापासून वर उचलल्या जातात आणि मला मानेचा बाक सुधारण्यासाठी तिच्या आतल्या रॉडला हात घालावा लागतो. टी-60 च्या बाबतीत तीन पावसाळ्यांत ती वेळ आली नाही. एवढ्या जुन्या वाद्याबद्दल हे सांगताना मला मनापासून आनंद होतो.

मात्र या गिटारचे खरे वैशिष्ट्य तिच्या टोनच्या नॉबमध्ये आहे, आणि ते समजून घेतल्याशिवाय तिच्याविषयी मत बनवणे हा तिच्यावर अन्याय आहे. तारेचे कंपन उचलून अ‍ॅम्पकडे पाठवणारे पिकअप दोन आहेत आणि दोन्ही हमबकर, म्हणजे दोन-दोन कॉईलचे (तारेच्या वेटोळ्यांचे) आहेत. प्रत्येकाला स्वतंत्र व्हॉल्यूम आणि स्वतंत्र टोन दिलेला आहे, शिवाय तीन जागांचा एक टॉगल स्विच आणि एक छोटा फेज स्विच आहे. इतर गिटारींमध्ये हमबकरची एक कॉईल बंद करायची असेल, तर बहुधा नॉब वर ओढावा लागतो किंवा एखादी कळ दाबावी लागते, आणि आवाज एका क्षणात जाडाचा पातळ होतो. टी-60 मध्ये अशी कळच नाही. टोनचा नॉब पूर्ण 10 वर असतो तेव्हा त्या पिकअपची एकच कॉईल बोलते आणि स्वच्छ, टणत्कारी, सिंगल कॉईलचा आवाज येतो. नॉब खाली आणू लागलो, की दुसरी कॉईल हळूहळू मिसळत जाते आणि साधारण 7 पाशी पूर्ण हमबकर तयार होतो. तिथून खाली तोच नॉब नेहमीच्या टोनसारखा तीव्र स्वर कमी करत जातो. ही रचना पेडल स्टील गिटारवादक रेड ऱ्होड्स यांच्या कल्पनेतून आली. ती पाहिली, की दोन गाण्यांच्या मध्ये हात फिरवायला किती थोडा वेळ मिळतो हे रोज अनुभवणाऱ्या वादकानेच असा विचार केला असावा, असे मला वाटते.

व्यवहारात याचा उपयोग 10 किंवा 7 या टोकांपेक्षा त्यांच्या मधल्या प्रदेशात अधिक आहे. 9 च्या आसपास सिंगल कॉईलची धार टिकून राहते, पण आवाजाला थोडा गाभा येतो. 8 वर दोन तारांवर एकाच वेळी वाजवलेले सूर भरीव वाटतात, तरी एकमेकांत चिकटत नाहीत. कळीने कॉईल बंद करणाऱ्या गिटारीत आवाजाची पातळी एकदम खाली येते, आणि मग साऊंडवाल्याकडे पाहून हाताने खूण करावी लागते. इथे ती पातळी नॉबबरोबर हळूहळू बदलत असल्यामुळे डाव्या हाताच्या एका मोकळ्या क्षणात उजव्या हाताने ती सांभाळता येते. हे अंगवळणी पडायला मला जवळपास एक पूर्ण नवरात्र लागली, आणि माझ्या मते ती मेहनत सार्थकी लागली.

गरब्याच्या मैदानावर वाजवणाऱ्यांना यातली दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटेल. सिंगल कॉईल पिकअप तारेच्या कंपनाबरोबर आसपासच्या विजेची गुणगुणही उचलतो. हमबकरमध्ये दोन कॉईल उलट दिशेने गुंडाळलेल्या आणि त्यांचे चुंबकीय ध्रुवही उलटे असतात. त्यामुळे तारेचा आवाज एकमेकांत मिळतो आणि विजेचा आवाज एकमेकांना खोडून काढतो. सेठ लव्हर यांनी 1955 साली गिब्सन कंपनीसाठी हमबकर तयार केला तो याच कारणासाठी. आता आपल्या मैदानाचा विचार करा. प्रकाशयोजनेचे डिमर, जनरेटर, मंचाखालून गेलेल्या जाड वायरी, आणि या सर्वांच्या मधोमध उभा असलेला गिटारवादक. आपल्या विजेची वारंवारता 50 हर्ट्झ आहे, तिच्या दुपटीचा स्वर 100 हर्ट्झवर येतो, आणि गिटारच्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटला वाजणारा पांढरी पाचचा स्वर 98 हर्ट्झचा आहे. म्हणजे गायिका पांढरी पाचात गात असेल, तर ढोल थांबून आलाप सुरू होताच आपल्या अ‍ॅम्पमधून षड्जाच्या किंचित वर चढलेली, बेसूर गुणगुण ऐकू येते. ज्याचे कान तयार आहेत त्याला ती बोचल्याशिवाय राहत नाही.

पहिल्या वर्षी, दुसऱ्या रात्री, मी नेमक्या याच प्रसंगी दोन्ही टोन 10 वरून 7 वर आणले आणि ती गुणगुण पूर्ण विरून गेली. अमेरिकेत विजेची वारंवारता 60 हर्ट्झ आहे, तरी तिथे जन्मलेल्या या पिकअपना आपली 50 हर्ट्झची वीजही तितकीच सहज पेलते, कारण खोडून काढण्याची ही क्रिया वारंवारतेवर अवलंबून नाही. ढोल पुन्हा सुरू झाल्यावर, हींच तालात सहा मात्रांच्या मधल्या मोकळ्या जागी कापलेले कॉर्ड देण्यासाठी नॉब परत 10 वर गेला. मैदान गजबजलेले असताना ती धार सर्वांच्या आवाजातून वाट काढते, आणि गुणगुण त्या गर्दीत ऐकूही येत नाही.

गणेशोत्सवातल्या भावगीतांच्या कार्यक्रमात मात्र ही वेगळीच गिटार होते. मानेजवळचा पिकअप, टोन 4 च्या आसपास, व्हॉल्यूम थोडा कमी: अशा जुळणीत मींड घेताना स्वर गोल आणि लांबट होतो. हार्मोनियमच्या बाजूला बसून वाजवताना तो गायकाच्या आवाजावर चढत नाही. आमच्या ऑर्केस्ट्रात पूर्वी अशा गाण्यांसाठी हवाइयन गिटार असे. तिची जागा टी-60 भरून काढते असे मी म्हणणार नाही, पण तिची आठवण नक्कीच जागी करते.

फेज स्विचविषयी माझे मत तितके अनुकूल नाही. दोन्ही पिकअप चालू असतानाच तो काम करतो. एका पिकअपचा आवाज उलटा झाला, की दोघांमध्ये समान असलेले खालचे सूर एकमेकांना खोडतात आणि उरतो तो नाकातला, बारीक आवाज. मानेजवळच्या पिकअपचा व्हॉल्यूम 8 वर आणला तर त्यात थोडे मांस भरते. एक-दोन गाण्यांत मी तो टेलिफोनसारख्या परिणामासाठी वापरतो. एरवी तो चुकून हलू नये म्हणून काळजीच घ्यावी लागते.

वजन ही या गिटारची सर्वांत मोठी अडचण आहे. घरच्या काट्यावर माझा नग 4.4 किलो भरला. पहिल्या तासात तो भार जाणवत नाही, परंतु रात्री बारापर्यंत उभे राहून वाजवायचे आणि तेही सलग नऊ रात्री, म्हटल्यावर खांदा बोलू लागतो. मी अरुंद नायलॉनचा पट्टा काढून चार बोटे रुंद चामड्याचा पट्टा लावला, त्याने बराच फरक पडला. ज्यांना पाठीचा त्रास आहे त्यांनी ही गिटार बसून वाजवण्यापुरतीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसरी गोष्ट म्हणजे 7 ची जागा बोटांना कळत नाही. तिथे खटका लागत नाही, आणि अंधाऱ्या मंचावर आकडे दिसत नाहीत. मी दोन्ही टोनच्या नॉबवर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला आहे.

भारतात ही गिटार नवी मिळण्याचा प्रश्नच नाही, त्यामुळे घ्यायची ती वापरलेलीच. जुन्या पोटेन्शिओमीटरमध्ये धूळ साचून खरखर येणे स्वाभाविक आहे. माझ्याही गिटारीत ती होती, आणि मांडवीजवळच्या एका इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्ती करणाऱ्या कारागिराने कॉन्टॅक्ट क्लीनरने ती अर्ध्या तासात घालवली. परंतु कोणी पोटेन्शिओमीटर बदलायचा सल्ला दिला, तर आधी मूळ जोडणीचे छायाचित्र काढून ठेवा. नेहमीच्या पद्धतीने टोनच्या तारा जोडल्या गेल्या, तर दोन कॉईलचा हा सगळा खेळ नाहीसा होतो आणि हाती एक जड, साधी गिटार उरते.

ज्यांना परदेशातून वाद्य मागवण्याची खटपट नको आहे, त्यांच्यासाठी यामाहाची पॅसिफिका 112व्ही हा सरळ पर्याय आहे. तिच्या ब्रिजजवळच्या हमबकरची एक कॉईल टोनचा नॉब ओढून बंद करता येते, आणि ती आपल्या दुकानांत नवी मिळते. माझा एक विद्यार्थी ती वाजवतो आणि तिच्यावर समाधानी आहे. पण तिथे जाड किंवा पातळ असे दोनच पर्याय आहेत. 8 आणि 9 च्या मधला तो आवाज तिच्यात सापडत नाही.

टी-60 पाहायला गेलात तर स्वतःचा छोटा अ‍ॅम्प आणि एक बारीक पेचकस सोबत न्या. टॉगल एका वेळी एकाच पिकअपवर ठेवा आणि पेचकसाचे टोक त्या पिकअपच्या दोन्ही अर्ध्या भागांवर आळीपाळीने हलकेच टेकवा. टोन 10 वर असताना एकाच भागातून टक असा ठळक आवाज यायला हवा, आणि 7 वर दोन्हींतून. तसे होत नसेल, तर एखादी कॉईल तुटलेली आहे किंवा आतली जोडणी कोणीतरी बदललेली आहे. विकणाऱ्याने ही तपासणी करू दिली नाही, तर पैसे खिशातच ठेवून परत यावे.